जागलीची दोरी

सुलोचनाच्या लग्नाला तीस वर्षं झाली होती, पण आपला नवरा झोपेत लाथा झाडतो हे तिला कळलं ते गेल्या दिवाळीनंतर.

यावर कोणाला हसायचं असेल त्यानं खुशाल हसावं. वडनेरात कोणी हसत नाही, कारण वडनेरात अशी घरं पुष्कळ आहेत. कापसाची पऱ्हाटी बोंडावर आली की डुकरं येतात, तूर फुलावर आली की रोही, म्हणजे नीलगाई, येतात, आणि हरभरा घाट्यावर आला की दोघंही एकदमच येतात. म्हणून घरधनी दिवस मावळता जेवून घेतो, कांबळं खांद्यावर टाकतो आणि वावरात जातो, तो उजाडल्यावरच परत येतो. याला जागल म्हणतात. उन्हाळ्यात वावर रिकामं असतं, तेव्हा माणूस घरी असतो खरा, पण तेव्हा बाप्ये आंगणात बाजा टाकून झोपतात आणि बायका आत. मग लेकरं होतात कशी, असं सुलोचनाच्या विहीणबाईनं एकदा विचारलं होतं. ती देवळीची, बाजारगावची. सुलोचना म्हणाली, "दुधाच्या टायमाले माणूस घरी येतेच ना वो बाई." पुढचं विहीणबाईनं समजून घेतलं.

तर या जागलीच्या राज्यात सुलोचनाचे यजमान रूपराव म्हणजे राजे. त्यांचं वावर घरामागच्या नाल्यापलीकडेच. वावराच्या मधोमध बाभळीच्या मेढींवर उंच मचाण. वावरभर खांबांना तेलाचे रिकामे पिपे टांगलेले, प्रत्येक पिप्यात एक लोखंडी खीळ लोंबती, आणि सगळ्या पिप्यांच्या दोऱ्या मचाणावर एकत्र केलेल्या. एक हिसका दिला की साऱ्या वावरात खडांगखडांग. दुसरे जागले थोडा वेळ हाळ्या देतात, थोडा वेळ मोबाइल पाहतात आणि मग घोरतात. डुकरांनाही त्यांची वेळ पाठ झालेली असते. रूपरावांचे पिपे मात्र पहाटेपर्यंत थांबत नसत. सावकाश, अधूनमधून, पण न चुकता. नाल्याच्या अलीकडे सगळ्या गल्लीला ते ऐकू यायचे. रूपरावसारखा जागा माणूस तालुक्यात नाही, असं गावातले जुनेजाणते चिंधूबुवा चावडीवर बसून नव्या जावयांना सांगत. एका पोळ्याला सरपंचांनी रूपरावांना सगळ्यांसमोर उपरणं दिलं. सुलोचनानं ते घडी करून पेटीत ठेवलं, आणि त्या दिवशी ती गल्लीतून जरा मान ताठ करूनच चालली.

रात्रभर डोळ्याला डोळा न लावणाऱ्या नवऱ्याचं करावं तेवढं थोडंच. दुपारी रूपराव जेवून आडवे झाले की घरात चिडीचूप. टीव्ही बंद. लेक वर्षाली लहान होती तेव्हा सुलोचना तिच्या तोंडावर हात ठेवून तिला परसात नेऊन रडू द्यायची. कोंबड्या हाकलायची. भिंतीपलीकडे राहणारी धाकटी जाऊ कमला खलबत्ता घेऊन बसली की ही भिंतीवर थाप मारायची. रूपरावांच्या भाकरीवर तूपही हात सैल सोडूनच पडायचं. कमलाचा नवरा गजेंद्र म्हणजे रूपरावांचा सख्खा भाऊ, पण त्याला असं तूप कधी मिळालं नाही, आणि हे कमलाला तो महिन्यातून एकदा तरी ऐकवायचा.

सुलोचना स्वतः कशी झोपते हे कोणी विचारलं नाही. तिनंही नाही. दाराला कडी, उशाशी काठी, नाल्यापलीकडे पिपे, एवढं असलं की तिचा डोळा लागायचा. पहाटे कोंबड्याच्याही आधी ती उठलेली असायची. गल्लीतला पहिला सडा तिचा, पहिली रांगोळी तिची, हे इतकं ठरलेलं होतं की तिच्या आंगणाकडे पाहून बाकीच्या बायका घड्याळ लावत.

गेल्या दिवाळीच्या आदल्या हिवाळ्यात मात्र एका रात्री ती एकदम जागी झाली. काय झालं ते तिला कळेना. कुत्रं भुंकलेलं नव्हतं, दार वाजलेलं नव्हतं. उलट सगळं फार शांत होतं. ती उठून बसली, जीव घाबरा झाला, आणि तिनं सरळ भिंतीवर थापा मारून गजेंद्रला उठवलं. दोघं बॅटरी घेऊन नाला ओलांडून गेले. रूपराव मचाणाखाली पडलेले होते. खांदा निखळलेला, अंग गारठलेलं, ओठ निळे पडलेले.

"पाय घसरला," एवढंच ते म्हणाले.

हिंगणघाटच्या डॉक्टरनं खांदा बसवून दिला, पण हात वर जायला होळी उजाडली. उजाडेपर्यंत तसेच राहिले असते तर काय झालं असतं, हे डॉक्टरनं सांगितलं नाही आणि सुलोचनानं विचारलं नाही. रूपरावांनी तिला एकदाच विचारलं, "तू त्या राती आली कशी वो?"

"कोन जाने. जाग आली."

त्या दिवशी सुलोचनानं मनाशी एक गोष्ट पक्की केली: हा माणूस यापुढं माझ्या छपराखाली झोपेल. आणि सुलोचनाचं एकदा ठरलं की ते ब्रह्मदेवाच्या बापालाही फिरवता येत नाही.

तिच्या माहेरी, सिंदी रेल्वेला, भावाच्या वावरात तिनं झटका मशीन पाहिली होती. वावराच्या चारी बाजूंनी बारीक तार, कोपऱ्यात सोलरची पाटी आणि बॅटरी. जनावरानं तार हुंगली की नाकाला चटका बसतो. मरत नाही, पण पुन्हा त्या वाटेला जात नाही. सुलोचनानं स्वतः वाढवलेली म्हशीची वगार विकायला काढली. रूपरावांनी थयथयाट केला.

"तारेच्या भरवशावर वावर सोडू मी?"

"तीस वर्स दोरीच्या भरवशावर सोडलं. आता तारेच्या भरवशावर सोडा."

यावर रूपरावांना एकाएकी खोकला आला आणि ते बाहेर निघून गेले. आपलं बोलणं इतकं कसं लागलं, याचं सुलोचनाला नवल वाटलं.

दिवाळीच्या तोंडावर तार लागली. पहिल्याच रात्री एक डुक्कर असं केकाटत पळालं की अर्धं गाव उठून बसलं. सकाळी सुलोचना धुऱ्याधुऱ्यानं सगळं वावर फिरून आली. एक बोंड खाली पडलेलं नव्हतं. तुरीची एक फांदी मोडलेली नव्हती. ती घरी आली ती लढाई जिंकल्यासारखी, आणि आल्या आल्या तिनं रूपरावांचं कांबळं धुवायला टाकलं.

घरच्या कापसाची गादी तिनं हिंगणघाटहून भरून आणली. चांगली रुंद, दोघांची. ती टेम्पोतून उतरवताना कमला कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय वो बाई, एवढी मोठी गादी? कुस्ती खेळाची हाये काय?"

"तुले पायजे तर तूबी भरून घे," सुलोचना म्हणाली. तिला कोणाचीही पर्वा नव्हती.

आणि मग त्या गादीवर खरंच कुस्ती सुरू झाली. रूपराव शहाण्यासारखे कडेला निजत. जरा डोळा लागला की त्यांचा उजवा पाय हलू लागे. आधी हळूच, मग जोरात, आणि मग सुलोचनाच्या पोटरीवर दणका. दणका बसला की ती उठायची, आणि आपल्याच लाथेनं रूपरावही उठायचे. बरं, उठून परत झोपावं, तर तेही नाही. ते ताठ बसून कान देऊन काहीतरी ऐकत राहायचे आणि कितीतरी वेळानं आडवे व्हायचे.

सुलोचनानं दोघांच्या मध्ये गोधडीची वळकटी ठेवली. लाथा थांबल्या, पण तिची झोप काही आली नाही. आता तिला काय टोचत होतं? नवरा हाताच्या अंतरावर, दाराला कडी, वावराला तार. जे मागितलं ते सगळं मिळालेलं. तरी ती टक्क डोळे उघडे ठेवून आढ्याकडे पाहायची, आणि घर इतकं शांत असायचं की तिला स्वतःचा श्वास ऐकू यायचा.

झोप गेली की माणसाची गोडी जाते. तीस वर्षं ज्या दोघांचा आवाज भिंतीपलीकडे गेला नव्हता ते आता चहातल्या साखरेवरून भांडू लागले. भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून रूपराव ताटावरून उठले. दाढीचं सामान खिडकीत ठेवलं म्हणून सुलोचना दिवसभर बोलली नाही. कमला भिंतीला कान लावून सगळं ऐकायची, पण सुरुवातीची मजा ओसरल्यावर तिलाही वाईट वाटू लागलं.

"बाई, तुम्ही तं नवं लगन झाल्यावानी भांडून राह्यले," ती म्हणाली. "आमचं असं भांडण दुसऱ्या सालीच संपलं."

वर्षालीचा देवळीहून फोन आला. तिचं शिक्षण झालेलं, मोबाइलवर सतत काहीतरी वाचत असते.

"आई, मी वाचलं. नवराबायकोची झोप जमली तर संसार जमते म्हणते. नसन जमत तं बाबाले दुसऱ्या खोलीत झोपव. आता मोठमोठे लोकं तसंच करतात. त्यात लाजाचं काई नाई."

"मोठ्या लोकाईचं मोठ्या लोकाईपाशी," सुलोचना म्हणाली आणि फोन ठेवून चुलीपुढं बसली. तिला रडू आलं, आणि ते तिनं येऊ दिलं. दुसऱ्या खोलीची लाज नव्हती तिला. भीती निराळीच होती. तीस वर्षं आपलं चांगलं चाललं ते मध्ये नाला होता म्हणून तर नाही? हा माणूस लांब होता म्हणून गोड होता, आणि मी लांब होते म्हणून याला गोड होते, असं तर नाही? जवळ आल्यावर याला माझा कंटाळा आला असेल तर मग मी तीस वर्षं वाट पाहिली ती कशाची?

शेवटी रूपरावच बोलले. चहाची कपबशी खाली ठेवून, तिच्याकडे न बघता.

"संक्रांतीपावतर पाहू. नाई जमलं तं मी आपला वावरात जातो झोपाले. मले तिथंच बरं वाटते."

"आन पुन्हा पडले तं?"

"नाई पडत."

त्यांना पुढं काहीतरी बोलायचं होतं असं तिला वाटलं. पण ते उठले आणि म्हशीला पाणी दाखवायला गेले.

भोगीच्या दिवशी सकाळी सुलोचना तुरीच्या ओल्या शेंगा तोडायला नाल्यापलीकडे गेली. रूपराव दळण घेऊन गिरणीवर गेले होते. वावरात पाय ठेवला आणि तिची नजर मचाणावर गेली. तार लागल्यापासून गोठ्यात आडवी पडलेली शिडी पुन्हा मचाणाला लावलेली होती. तिच्यावरची धूळही पुसलेली होती. म्हणजे यांचं जाण्याचं ठरलंच.

ती त्या शिडीकडे बघत उभी राहिली. तीस वर्षांत ती मचाणावर कधी चढली नव्हती. बाईमाणूस मचाणावर चढलं की जागल बाटते, असं रूपरावांनी नव्या नवरीला पहिल्याच साली सांगितलं होतं. हा नियम कोणत्या पोथीत आहे, हे तिनं तेव्हा विचारलं नव्हतं. आज मात्र तिच्या डोक्यात सणक गेली. बाटायची तर बाटू दे. तिनं पदर खोचला, शेंगांची टोपली खाली ठेवली आणि ती चढली.

वर तिला काय दिसेल असं वाटलं होतं? उघड्या फळ्या, फाटकं पोतं, एक काठी. हाडाची काडं करून जागणाऱ्या माणसाची बैठक. दिसली ती गादी. शेवरीच्या कापसाची, हातभर जाड, गुबगुबीत. डोक्याला एक उशी, गुडघ्याखाली घ्यायला दुसरी. वर गुंडाळून ठेवलेली मच्छरदाणी. एवढी मऊ गादी तर सुलोचनाच्या आंदणातही आली नव्हती.

मग तिला दोऱ्या दिसल्या. साऱ्या वावरातून आलेल्या दोऱ्यांची एक जाड दोरी, आणि ती उशाशी नव्हती. गादीच्या पायथ्याशी होती. तिच्या टोकाला फास, आणि काचू नये म्हणून फासावर कापड गुंडाळलेलं. हिरवा काठ, त्यावर पिवळ्या कुयऱ्या. तिच्या लग्नातलं लुगडं. त्याचा तुकडा तिनं किती वर्षं शोधला होता, उंदरांना शिव्या दिल्या होत्या. तिनं फासात हात घालून पाहिला. मनगट जाईना. मग ती खाली बसली आणि तिनं पायाचा अंगठा घातला. तो अगदी मापानं बसला.

उजवा पाय. आधी हळूच, मग जोरात.

"वा रे जाग्या," ती मोठ्यानं म्हणाली.

तीस वर्षं हा माणूस झोपत होता. पायाच्या अंगठ्याला दोरी बांधून, झोपेत पाय हलवत, गुबगुबीत गादीवर सुखानं झोपत होता. आणि दुपारी घरी येऊन पुन्हा झोपत होता. सुलोचनाला एकेक आठवू लागलं. परसात नेऊन रडवलेली वर्षाली. हाकललेल्या कोंबड्या. कमलाचा खलबत्ता. सरपंचाचं उपरणं. आणि तूप. विशेषतः तूप. तिला असा राग आला की वावरातली सगळी डुकरं एकाच वेळी आली असती तर तिनं हातानं पळवली असती.

जरा पाहू तरी, कसा झोपतो हा राजा, असं म्हणून ती आडवी झाली. अंगठ्यात फास. तिनं पाय हलवला. चारी बाजूंनी पिपे वाजले, खडांगखडांग. जन्मभर लांबून ऐकलेला आवाज आज अंगाभोवती होता. पौषाचं कोवळं ऊन अंगावर होतं. तिनं आणखी एकदा पाय हलवला. मग आणखी एकदा.

डोळे उघडले तेव्हा ऊन कलतं झालं होतं. पायथ्याशी रूपराव बसले होते, पोलीस पाटलासमोर बसवल्यासारखे. भर दिवसा आपले पिपे वाजताना ऐकून दळण गिरणीवरच टाकून ते धावत आले होते. खालून त्यांना दिसला तो बायकोचा पाय. जोडव्यांसकट, दोरीसकट, हलता. तिला त्यांनी उठवलं नव्हतं.

सुलोचनानं फास काढला नाही. तशीच उठून बसली.

"कदीपासून?"

"पयल्या सालापासून."

"आन मी दुपारी लेकराच्या तोंडावर हात ठेवत होती."

"सांगणारच होतो. मंग सरपंचानं उपरणं देल्लं. उपरणं घेतल्यावर कसं सांगू?"

"आन पडले ते?"

रूपरावांनी तोंड तुरीकडे फिरवलं.

"उतराच्या टायमाले दोरी सोडाची रायली."

सुलोचनाचा राग ओठापर्यंत आला होता. पण अंधारात पायाला दोरी बांधलेला, ऐटीत शिडीकडे निघालेला तालुक्यातला सर्वांत जागा माणूस तिच्या डोळ्यांपुढं आला आणि तिला हसू फुटलं. ती पोट धरून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मचाण हललं, दोरी हलली, आणि साऱ्या वावरात पिपे वाजले. मग रूपरावही हसले. पडल्यापासून ते असे हसले नव्हते.

हसणं थांबल्यावर ते म्हणाले, "घरी झोप येत नाई सुलोचना. पाय हालवतो, आवाज येत नाई. आवाज नाई आला की वाटते डुकरं शिरले. दचकून उठतो. तुले कसं सांगू हे? तुह्या मनात भलतंच येत असन, मले दिसून राह्यलं होतं. पन तसं नाई वो. मले तुहा कंटाळा नाई आला."

हेच तिला ऐकायचं होतं. दिवाळीपासून ऐकायचं होतं, कदाचित त्याच्याही आधीपासून. तिनं पाय हलवला, पिपे वाजले, आणि त्या आवाजातच तिला आपल्या झोपेचं उत्तर सापडलं.

"मलेबी येत नाई घरी," ती म्हणाली. "लाथेनं नाई. लाथ लागत नव्हती तरी येत नव्हती. त्या राती मी काऊन उठली, ठाऊक हाये? पिपे बंद पडलते म्हणून. मले तेच ऐकून झोप लागते. पिपे वाजले की मले कळते, तुम्ही हाये."

रूपरावांनी दोरी हातात घेतली आणि नुसती धरून ठेवली. मध्ये नाला होता, पण तीस वर्षं दोघं एकाच दोरीवर झोपत आले होते. एक टोक त्यांच्या अंगठ्याला होतं आणि दुसरं तिच्या कानात.

"चाला," सुलोचना उठत म्हणाली. "दोरी घरी घ्या. आन दळण कुठं हाये?"

दिवे लागायच्या वेळी त्यांनी दार लावून एक पिपा घरात टांगून पाहिला. रूपरावांनी गादीवर पडून पाय हलवला मात्र, गजेंद्र काठी घेऊन धावत आला आणि घरात डुक्कर कुठून शिरलं म्हणून ओट्यावरून ओरडू लागला. त्याला कसंबसं परत पाठवलं. पिपा बाद झाला. मग सुलोचना गोठ्यात गेली आणि पोळ्याला बैलांच्या गळ्यात घालायची घुंगुरमाळ काढून घेऊन आली. ती तिनं खिडकीच्या गजाला टांगली, दोरी तिला बांधली, आणि फास नवऱ्याच्या अंगठ्यात स्वतः घातला. रूपरावांनी पाय हलवला. छुम. लहानसा आवाज, घराबाहेरही न जाणारा.

"पुरे," ती म्हणाली.

संक्रांतीच्या सकाळी वडनेरात एक अशी गोष्ट घडली की ती लोक अजून सांगतात. ऊन आंगणात आलं आणि सुलोचनाच्या दारापुढं सडा नव्हता. रांगोळी नव्हती. सणाच्या दिवशी, त्या घरापुढं. कमला तीळ लावून आंघोळ करून बाहेर आली, कोरडं आंगण तिनं पाहिलं आणि तिच्या हातातली बादली खाली पडली. गोठ्यात म्हैस ओरडत होती. दाराला आतून कडी. कमलानं हाका मारल्या, दार ठोठावलं, मग तिनं रडायलाच सुरुवात केली. गल्ली जमली. चिंधूबुवा म्हणाले, चुलीचा धूर कोंडला असेल, असं पूर्वी एका घरी झालं होतं. त्यावर बायका आणखी रडू लागल्या. गजेंद्रनं शिडी आणली आणि तो कवेलू काढायला छपरावर चढू लागला.

तेवढ्यात आतून आवाज आला. छुम. छुम. छुम. कोणीतरी दाराकडे चालत येत होतं. गजेंद्र शिडीवरच थांबला.

कडी निघाली. दारात रूपराव उभे होते. डोळे सुजलेले, केस उभे, गालावर उशीची घडी उमटलेली. पायाच्या अंगठ्याला दोरी, दोरीच्या मागं जमिनीवर घसटत आलेली बैलांची घुंगुरमाळ. त्यांच्या मागं सुलोचना, अंबाडा सुटलेला, कुंकू पुसटलेलं. तिला गर्दी दिसली, आंगणातलं ऊन दिसलं, आणि काय झालं ते एका क्षणात कळलं. रूपरावांची नजर स्वतःच्या अंगठ्यावर गेली. आता हे काय सांगणार? काहीही सांगता आलं असतं. मांजर हाकलायला बांधली म्हणता आलं असतं, नवस म्हणता आला असता. सुलोचनानं दोन खोट्या गोष्टी तयारही करून ठेवल्या.

"काय झालं रूपराव?" चिंधूबुवांनी विचारलं.

"झोपलतो," रूपराव म्हणाले.

"तुम्ही?"

"हो. मी रोजच झोपतो. तीस वर्सापासून झोपतो." त्यांनी पाय उचलून दोरी सगळ्यांना दाखवली. "हे अशी बांधून. डुकराईले काय समजते, जागा हाये का झोपला हाये ते? उपरणं पायजे असन तं घेऊन जा, पेटीत हाये."

मग छपराला टेकलेल्या शिडीवरून गजेंद्र म्हणाला, "मंग तूप?" आणि सगळी गल्ली हसली.

सुलोचना हसली नाही. ती नवऱ्याच्या पाठीकडे पाहत होती. ज्या नावावर हा माणूस जन्मभर जगला ते नाव त्यानं चार शब्दांत दारात सोडून दिलं, आणि त्याला वाईट वाटलेलं दिसत नव्हतं. तिला त्याचा इतका अभिमान उपरण्याच्या दिवशीसुद्धा वाटला नव्हता. ती पुढं आली आणि त्याच्या शेजारी उंबऱ्यावर उभी राहिली.

"मीबी झोपलती," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "कमला, आज आमच्या आंगणात तूच सडा टाकजो. पिठाची रांगोळी खिडकीत हाये."

"आन तुम्ही काय करून राह्यल्या बाई?"

"मी म्हशीचं दूध काढतो, आन मंग पाहतो."

दुपारी तीळगूळ वाटून झाल्यावर रूपराव वावरात गेले आणि त्यांनी गजेंद्रला हाताशी घेऊन मचाण उतरवलं. मेढी गोठ्याला लावायला आणल्या. पिपे भंगारवाल्यासाठी ढीग करून ठेवले. शेवरीची गादी कमलानं मागितली, आणि सुलोचनानं ती दिली. संध्याकाळी दिवा लावल्यावर तिनं दोरीचा फास मांडीवर घेतला. हिरवा काठ जागोजागी विरला होता, कुयऱ्या दिसेनाशा झाल्या होत्या. तिनं तो सोडवला नाही. पेटीतून सरपंचाचं उपरणं काढलं, त्याची लांब पट्टी फाडली आणि त्या जुन्या काठावरून घट्ट गुंडाळली.